क्लिंगॉन संवाद मराठी नटांना देवनागरीत कसे लिहून द्यावेत?

तिसरी_घंटा

एका मराठी एकांकिकेत दोन क्लिंगॉन ('स्टार ट्रेक' ह्या अमेरिकी अंतराळ मालिकेतली परग्रहावरची जमात) पात्रं आहेत. त्यांच्या तोंडी अकरा ओळी क्लिंगॉन भाषेत हव्यात, आणि ती 'स्टार ट्रेक'मधली खरी भाषाच हवी. घशातून काढलेले वाटेल ते आवाज नकोत.

अडचण संहितेची आहे. रोमन लिपीत मोठी आणि लहान अक्षरं एकाच शब्दात मिसळलेली असतात, त्यामुळे प्रत्येक नट वेगळं वाचतो. 'क्यू' दिसला की कोणी क म्हणतं, कोणी क्व. एच कुठे ह, कुठे गायब. म्हणून सगळं देवनागरीत लिहून द्यायचं ठरलंय. नमुन्यादाखल तीन ओळी, आत्ता जशा लिहिल्यात तशाच देतो:

(अ) कप्तान शत्रूला पाहतो: होड लेघ जघ
(आ) मी तुला पाहतो: जिह लेघ सोह
(इ) मरायला आजचा दिवस चांगला आहे: हेघलुमेह काक जजवम

कुठल्या ध्वनीला कुठलं अक्षर वापरावं? ह्या ओळी व्याकरणात बसतात का? रंगमंचावर आल्यावर पहिला शब्द 'नमस्कार' ह्या अर्थाचा हवाय, तो कोणता? आणि कपाळाचे उंचवटे, दात वगैरे लावून हे उच्चार जमतात का?

---

मूर्धन्य

ती मोठी-लहान अक्षरं शोभेची नाहीत. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी ही भाषा बांधली तेव्हा तेही नटांसाठीच लिहीत होते, म्हणजे तुम्ही करताय तेच काम. इंग्रजी बोलणाऱ्या नटाची जीभ जिथे सवयीने चुकेल तिथे त्यांनी मोठं अक्षर घातलं. मोठा डी, मोठा एस, मोठा एच ह्या 'हा आपला नेहमीचा उच्चार नव्हे' अशा खुणा आहेत. मराठी जिभेला त्यातल्या काहींची गरज नाही, पण तिची चुकायची ठिकाणं वेगळी आहेत. तुमच्या खुणा त्या ठिकाणी हव्यात.

एकूण ध्वनी २६: व्यंजनं २१, स्वर ५. आपला क, ग, स, श, ह, झ, ळ, ण ह्यांतलं काहीच त्यात नाही.

स्वरांपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. क्लिंगॉनमध्ये अ नाही. आ, ए, इ, ओ, ऊ एवढंच. तुम्ही 'जघ' आणि 'जजवम' लिहिलंय, तिथे सगळीकडे आ आहे: जाग़, जाज-व्हाम. अ नाहीच म्हटल्यावर एक सोय आपोआप होते. मात्रा नसलेलं प्रत्येक अक्षर पाय मोडलेलंच वाचायचं, हलन्ताचं चिन्ह काढत बसायला नको. नटांना हा एक नियम पहिल्या वाचनाला सांगून टाका. इ मात्र कायम ऱ्हस्व. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार दीर्घ लिहायची आणि बोलायची सवय आहे, त्यामुळे 'यि' दिसलं तरी तोंडातून 'यी' निघतं. ते तोडावं लागेल. ए लांबवू नका, ओचा ऑ करू नका.

ड हा तुमचा हुकमी एक्का. इंग्रजी बोलणाऱ्यांना ह्यासाठी महिनोन्महिने जीभ मागे वळवायला शिकावं लागतं, आपण डोंगर म्हणतो तोच हा ड. ष लिहिताना मात्र सावध. आज बहुतेक जण ष आणि श सारखेच बोलतात, आणि श इथे चालत नाही. 'कष्ट' हा शब्द सावकाश म्हणा आणि ट यायच्या आधी थांबून ष लांबवा. पुढच्या ट मुळे जीभ आपोआप वर वळलेली असते. तीच जागा धरून 'नेष', 'षोख़' म्हणायचं.

च आणि ज आपल्याकडे दोन प्रकारचे. इथे फक्त चिमणीतला च आणि जीवातला ज. 'चांगला'मधला किंवा 'जाणे'मधला आला की कान लगेच पकडतो. आ पुढे असला की मराठी जीभ त्या दुसऱ्या उच्चाराकडे घसरते, म्हणून 'जाग़', 'जाज' ह्या शब्दांवर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

आता व. मराठीत एकाच व मध्ये दोन्ही इंग्रजी उच्चार भागतात, क्लिंगॉनमध्ये भागत नाहीत. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात. अर्थ बदलतो: दात टेकवून म्हटलेला 'व्हाव्ह' म्हणजे बाप, सुरुवातीला ओठ गोल करून म्हटलेला 'वाव्ह' म्हणजे विभागणं. 'व्हिख़' म्हणजे हलणं, 'विख़' म्हणजे निर्दय असणं. 'व्हिडिओ' आणि 'वॉचमन' लिहायची आपली रीत आहे तीच इथे वापरावी: दातांचा असेल तर व्ह, ओठांचा असेल तर व. व्ह मध्ये ह ऐकू येता कामा नये, एवढं नटाला बजावून सांगा.

घशातले चार ध्वनी. एच म्हणजे ख़, ह कधीच नाही. शब्दाच्या शेवटीसुद्धा तो घासून ऐकू आला पाहिजे: 'माख़', 'मा' नाही, 'माह' नाही. जी-एच म्हणजे ग़, गझल नीट म्हणणाऱ्याचा ग़. हा ख़ सारखाच घासतो, फक्त गळ्यावर बोट ठेवलं की कंप लागतो. 'लेग़' म्हणजे पाहणं, 'लेख़' म्हणजे देखभाल करणं, तेव्हा शेवटचा कंप सोडून चालणार नाही. लहान क्यू म्हणजे क़: जीभ क च्या जागेहून आणखी मागे, पडजिभेपाशी. मोठा क्यू म्हणजे तीच जागा, पण दाबून धरलेली हवा घासत सुटते, कफ काढताना येतो तसा आवाज. तो मी क़्ख़ असा लिहितो. 'क़ोच' म्हणजे भागीदार, 'क़्ख़ोच' म्हणजे असहमत असणं. नाटकात हे दोन शब्द अदलाबदल झाले तर प्रवेशच उलटा होईल.

एन-जी म्हणजे ङ, आणि तो शब्दाच्या आरंभीही येतो. 'रंग' म्हणा, ग उच्चारायच्या आत थांबा, तो ङ. 'क्लिंगॉन'साठी त्यांचा स्वतःचा शब्द 'त्ल्हि-ङान' असा फुटतो. ङ दुसऱ्या अवयवात (एका दमात उच्चारायचा शब्दाचा तुकडा) जातो, आणि 'ङान'मध्ये ग कुठेच नाही.

अपोस्ट्रॉफी हेसुद्धा पूर्ण व्यंजन आहे: वजन उचलताना गळा क्षणभर मिटतो तो. 'ग़ू' म्हणजे तान्हं मूल, 'ग़ू’' म्हणजे परिस्थिती. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी ॽ हे अक्षर आहे, लिंबू भाषेसाठी वापरतात, पण ते प्रश्नचिन्हासारखं दिसतं आणि नट वाक्य प्रश्नार्थक करून टाकतो. साधं ’ वापरा. क्लिंगॉनचा कुठलाच अवयव स्वराने सुरू होत नाही, त्यामुळे ’ शब्दाच्या सुरुवातीलाही येतं: '’ओय’' म्हणजे वेदना.

उरलेल्यांत ब, ल, म, न, र, य नेहमीचेच, फक्त र जरा थरथरवा. पी साठी मी फ लिहितो आणि टी साठी ठ, कारण दोन्हींत हवेचा झोत हवाच. टी-एल-एचसाठी त्ल्ह. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

---

उलटी_ओळ

मूर्धन्य यांच्या बाकी सगळ्याला हो, पण फ आणि ठ ह्या दोन अक्षरांना माझा विरोध आहे.

फ लिहिलात की आजचा शहरी नट 'फॅन'मधला फ म्हणतो, दात ओठावर टेकवून. फळ, फूल ह्या शब्दांतसुद्धा तोच ऐकू येतो. तो ध्वनी क्लिंगॉनमध्ये नाहीच, म्हणजे एका अक्षरामुळे परका ध्वनी आत येतो. उलट झोत नसलेल्या प ने अर्थ बदलत नाही, फक्त जोर कमी वाटतो. तेव्हा संहितेत प लिहा आणि झोत तालमीत शिकवा. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी तोंडासमोर चार बोटांवर धरायची. प म्हटल्यावर ती हलली पाहिजे. अवयवाच्या शेवटी असलेल्या प लाही हलली पाहिजे, आणि तिथेच सगळे ढिले पडतात.

ठ तर मुद्दामच टाळायला हवा. ओक्रँड यांनी टी दातांमागच्या हिरडीवर ठेवला आणि डी मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून म्हणायचा, केला. माणसांच्या भाषांत अशा जोड्या बहुधा एकाच जागेच्या असतात, आपले ट-ड, त-द पाहा. ही जोडी त्यांनी जाणूनबुजून मोडली, कारण भाषा माणसाची वाटू नये. तुम्ही ठ आणि ड लिहिलंत की जोडी परत जुळते आणि कानाला मराठी लागते. थ लिहा. जीभ दातांऐवजी किंचित वर हिरडीला टेकवायला सांगा, पण दातांना टेकली तरी ठ पेक्षा बरं.

आघाताचंही, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा तेही, पाहा, मराठीत तो फारसा जाणवत नाही म्हणून नट सपाट बोलतात. नामात आघात प्रत्यय लागायच्या आधीच्या अवयवावर, क्रियापदात मूळ धातूवर. पण एखादा अवयव ’ ने संपत असेल तर आघात बहुधा तिकडे जातो. 'क़्ख़ाप-ला’' मध्ये जोर 'ला’' वर. अवयव आडव्या रेघेने तोडून लिहा आणि आघाताचा अवयव ठळक करा. अर्ध्या चुका एवढ्यानेच जातात.

---

कर्म_आधी

ओळींच्या व्याकरणाबद्दल.

(अ) उलटी झाली आहे. 'ख़ोड लेग़ जाग़' म्हणजे 'शत्रू कप्तानाला पाहतो'. क्लिंगॉन वाक्याचा क्रम कर्म, क्रियापद, कर्ता. आपल्याकडे 'शत्रूला पाहतो कप्तान' म्हटलं तरी ला मुळे घोटाळा होत नाही, शब्द कुठेही हलवा. तिथे कर्त्याला किंवा कर्माला कसलाच प्रत्यय लागत नाही, अर्थ ठरतो तो केवळ जागेवरून. म्हणून 'जाग़ लेग़ ख़ोड'. लिहिताना पद्धत अशी ठेवा: आधी मराठी वाक्य कर्मापासून सुरू करून लिहा, क्रियापद मधे आणा, कर्ता शेवटी ढकला, मग शब्द बदला. थेट कर्त्यापासून सुरुवात केली की चूक ठरलेलीच.

(आ) मध्ये दोन सर्वनामं घातलीत, त्यांची गरज नाही. कोण कोणावर क्रिया करतंय हे क्रियापदाच्या आधीचा उपसर्ग सांगतो. 'मी तुला' ह्यासाठी 'क़ा', म्हणून 'क़ा-लेग़' एवढंच वाक्य. 'तू मला' ह्यासाठी 'चो', म्हणून 'चो-लेग़'. 'मी त्याला' ह्यासाठी 'व्हि'. कर्म नसेल तर 'मी'साठी 'जि'. आज्ञार्थाचे धरून आणि जिथे काहीच लागत नाही ती शून्य जागाही मोजून असे २९ उपसर्ग आहेत. तुमच्या अकरा ओळींना सहा-सातच लागतील, तेवढ्यांचा तक्ता संहितेच्या पहिल्या पानावर लावा. तुम्ही लिहिलेली ओळ जशीच्या तशी ठेवली तर कर्त्याच्या जागी 'षोख़' म्हणजे 'तू' येतो, अर्थ 'तू मला' असा उलटतो, आणि उपसर्ग नसल्यामुळे तोही मोडका.

(इ) बरोबर आहे, फक्त अक्षरं बदला. 'ख़ेग़' मरणं, 'लू’' म्हणजे कर्ता कोणीही असो, 'मेख़' म्हणजे त्यासाठी. 'क़्ख़ाक़्ख़' चांगलं असणं, 'जाज' दिवस, 'व्हाम' हा. जवळपास शब्दशः: मरण्यासाठी चांगला आहे हा दिवस. 'चांगला' हे इथे विशेषण नसून क्रियापद आहे, 'आहे'साठी वेगळा शब्द लागत नाही, आणि कर्ता 'हा दिवस' नियमाप्रमाणे शेवटी.

पुढच्या ओळींसाठी दोन धोके आधीच सांगतो, मराठीतून लिहिणारा त्यात हमखास अडकतो.

एक, आदरार्थी बहुवचन. कप्तानाला 'तुम्ही' म्हणायचं म्हणून अनेकवचनी उपसर्ग लावू नका, समोर चारपाच कप्तान उभे आहेत असा अर्थ होतो. वरिष्ठालाही एकवचनीच उपसर्ग. मान दाखवायचाच असेल तर क्रियापदाला 'नेष' हा प्रत्यय आहे: 'क़ा-लेग़-नेष', आपल्याला पाहणं हा माझा सन्मान. तो कधीच सक्तीचा नसतो. सगळ्या नाटकात एकदा, योग्य जागी आला तर शोभेल, प्रत्येक वाक्याला लावला तर पात्र लाचार वाटेल.

दोन, नामाचं अनेकवचन. आपण लिंग पाहतो, क्लिंगॉन पाहतो की ती वस्तू बोलू शकते का. बोलणाऱ्यांना 'पू’', शरीराच्या अवयवांना 'डू’', बाकी सगळ्याला 'मेय'. शत्रू अनेक असतील तर 'जाग़-पू’', जहाजं अनेक असतील तर 'डूज-मेय'. कोणाला बोलणाऱ्यांत धरायचं हे व्याकरणच ठरवतं, म्हणून ह्या जमातीचा स्वभाव मला कुठल्याही लढाईच्या प्रसंगापेक्षा ह्या तीन प्रत्ययांत जास्त दिसतो.

'नमस्कार' ह्या भाषेत नाही. त्याऐवजी सगळीकडे शिकवतात तो 'नूक़-नेख़', त्याचा अर्थ 'काय पाहिजे?'. तो ज्याच्याकडे कोणी आलंय त्याने म्हणायचा, आत येणाऱ्याने नाही. तुमचं पात्र आत येत असेल तर त्याने सरळ कामाचं पहिलं वाक्य बोलावं, तेच क्लिंगॉन वळण. आणि समोरच्याने 'नूक़-नेख़' विचारावं. निघताना 'क़्ख़ाप-ला’', म्हणजे यश.

लढाईचा प्रसंग असेल तर घाईत, हुकूम देताना उपसर्ग गाळून बोलायची रीत ओक्रँड यांच्या कोशातच नोंदवलेली आहे. पण शब्दक्रम तेव्हाही बदलत नाही.

शब्द तपासायला ओक्रँड यांचा १९८५चा कोश घ्या, शक्यतो १९९२ची वाढवलेली आवृत्ती, तिच्यात शेवटी पुरवणी आहे. यंत्राकडून वाक्य भाषांतर करून घेतलंत तर क्रम आणि उपसर्ग हाताने पुन्हा तपासाच. मालिका ऐकून उच्चार उचलू नका. पडद्यावरचे नट आपापल्या सोयीने बोलतात, क़ आणि क़्ख़ तर तिथे सर्रास एक होतात.

---

तिसरी_घंटा

फार उपयोग झाला. प आणि थ नक्की करतो, व्ह-व चा नियमही. टी-एल-एच मात्र अजून कोणाच्याच तोंडात बसत नाही, सगळे 'क्ल' किंवा 'टल' म्हणतात. आणि दातांचं राहिलं.

---

रंगपेटी

आधी कुठल्या काळातले क्लिंगॉन दाखवायचेत ते ठरवा, कारण खर्च त्यावर अवलंबून आहे.

१९६७ साली ही जमात पहिल्यांदा मालिकेत आली तेव्हा कपाळावर उंचवटे नव्हतेच. दाढी-मिशा, वर चढवलेल्या भुवया, चेहऱ्याला गडद रंग, एवढंच. उंचवटे आले १९७९च्या चित्रपटात आणि पुढे कायम राहिले. दोन्ही रूपं एकाच विश्वात कशी, ह्याचा खुलासा मालिकेने २००५मध्ये दिला: मानवी जनुकांवरच्या प्रयोगातून पसरलेल्या विषाणूमुळे काही क्लिंगॉनांचे उंचवटे गेले. म्हणजे सपाट कपाळाचा क्लिंगॉन ही तडजोड नाही, तोही खरा क्लिंगॉन आहे. पैसे कमी असतील तर मी तेच रूप घेईन. चेहरा गडद करायची जुनी रीत मात्र सोडून द्या, तिची काही गरज नाही आणि ती चांगलीही दिसत नाही.

उंचवटे हवेच असतील तर लॅटेक्सचा (मऊ रबराचा) तुकडा कपाळापासून नाकाच्या मुळापर्यंतच ठेवा. तो नाकपुड्यांपर्यंत खाली आणला की वरचा ओठ ओढला जातो आणि प, ब, म बिघडतात. स्पिरिट गम (तुकडा त्वचेला चिकटवायचा गोंद) लावायच्या आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहा, काहींना पुरळ येतं. कडा पातळ हव्यात, आणि त्या द्रव लॅटेक्सने बसवल्यावर पूर्ण वाळू द्या. ओल्या कडेवर पावडर मारली की पहिल्या घामाला ती सुटते, आणि ती बहुधा भुवईपाशी सुटते कारण हालचाल तिथे जास्त. मिशी ओठाच्या कडेपासून थोडी वर लावा. प चा झोत आणि व्ह चे दात, दोन्हींच्या वेळी ती ओठाखाली येते.

दात. वरच्या जबड्याला बसणाऱ्या नकली दातांना टाळूवर पट्टी असेल तर ड आणि ष ची जागाच झाकली जाते. जीभ टेकते प्लास्टिकला, आणि ष चा श होतो. पट्टी नसलेले, फक्त पुढच्या दातांवर चढणारे टोपीसारखे दात घ्या. ते लांब असतील तर व्ह म्हणताना खालच्या ओठात रुततात, मग नट नकळत ओठ गोल करून व म्हणतो आणि बापाचा भागाकार होतो. टोकं घासून वरच्या दातांच्या नेहमीच्या लांबीपेक्षा जेमतेम जास्त ठेवा. आणि दात पहिल्या वाचनापासून घालायला द्या. रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा दिले तर पाठ झालेले उच्चार नव्याने बसवावे लागतात, लाळ सुटते ती वेगळीच.

---

मूर्धन्य

प आणि थ बद्दल उलटी_ओळ यांचं म्हणणं पटलं, माझ्या यादीत ते बदलून घ्या.

टी-एल-एच. 'क्ल' येतो कारण नट जीभ मागे उचलतात. 'टल' येतो कारण ते टोक सोडून मग वेगळा ल म्हणतात. दोन्हींत चूक एकच: टोक जागा सोडतं. ते सोडायचं नाही. असं बसवा.

ल म्हणायच्या तयारीत जीभ वरच्या दातांमागे हिरडीवर टेकवून ठेवा. आवाज न करता नुसती हवा सोडा. हवा जिभेच्या दोन्ही कडांनी, दाढांपाशी घासत बाहेर पडेल, आणि गालांच्या आत गार लागेल. गार फक्त पुढच्या दातांना लागलं तर टोक सुटलंय. हे दहा-बारा वेळा जमलं की तीच हवा आधी क्षणभर अडवा, जीभ सगळीकडून चिकटवून, आणि मग फक्त कडा सोडा. टोक अजून तिथेच. त्ल्ह तयार. शेवटी त्याला इ जोडा: त्ल्हि. टोक इ च्या वेळीच सुटतं, आधी नाही.

लिहिताना मी ल्ह वापरलाय, पण तो कोल्हापूरचा ल्ह नाही. कोल्हापूर म्हणताना गळ्यावर बोट ठेवलं तर कंप लागतो. इथे इ सुरू होईपर्यंत कंप लागता कामा नये. नट मराठी ल्ह कडे घसरत असतील तर ह्या एका ध्वनीसाठी अक्षरच देऊ नका, संहितेत एखादा गोल काढा आणि तो ध्वनी तोंडीच शिकवा.

क़्ख़ चा सराव एका वेळी पाच-दहा मिनिटांच्या वर नको. घसा खवखवायला लागला की नट जागा पुढे सरकवतात आणि क़्ख़ चा ख होतो, मग त्या दिवशी कितीही घोकलं तरी चुकीचंच बसतं. मधे कोमट पाणी द्या, आणि घशाचे शब्द सोडून व्ह-व च्या जोड्या घ्या.

तुमच्या ओळी आणि वर आलेल्या आणखी काही, संहितेत चिकटवण्यासारख्या. जोराचे अवयव उलटी_ओळ यांच्या नियमाने तुम्ही ठळक करून घ्या.

कप्तान शत्रूला पाहतो: जाग़ लेग़ ख़ोड

मी तुला पाहतो: क़ा-लेग़

तू मला पाहतोस: चो-लेग़

आपल्याला पाहणं हा माझा सन्मान: क़ा-लेग़-नेष

मला मदत कर: ख़ि-क़्ख़ाख़

आम्ही क्लिंगॉन आहोत: त्ल्हि-ङान माख़

काय पाहिजे?: नूक़-नेख़

यश: क़्ख़ाप-ला’

मरायला आजचा दिवस चांगला आहे: ख़ेग़-लू’-मेख़ क़्ख़ाक़्ख़ जाज-व्हाम

शेवटच्या ओळीत 'लू’' नंतर गळा खरोखर मिटू द्या, तिथे अर्धा क्षण शांतता आली तरी चालेल, प्रेक्षकाला ती भाषेचाच भाग वाटते. 'क़्ख़ाक़्ख़'मध्ये दोन्ही टोकांना घासणारा ध्वनी आहे, पहिल्यावर सगळी हवा खर्च केली तर दुसरा क होतो, म्हणून श्वास 'मेख़' नंतर घ्यायचा. आणि 'व्हाम'च्या म वर ओठ मिटल्यावर ते तसेच मिटलेले ठेवा. वाक्य संपलं म्हणून लगेच उघडले तर मागे एक अ ऐकू येतो.